कॅमेऱ्याची केबल १४० मीटर टाकली तर चालेल का?

प्रश्न: आमची सोसायटी मुलुंडला आहे, दोन विंग. ए विंगमधल्या ऑफिसपासून बी विंगच्या मागच्या गेटपर्यंत सीसीटीव्ही कॅमेरा लावायचाय. केबलवाला म्हणतो १४० मीटर लॅन केबल लागेल, मध्ये जॉइंट मारू, काही होत नाही. खरंच चालेल का?

उत्तर: नको, असं अजिबात करू नका. तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर आहे, त्यात भिंतीतली पक्की केबल ९० आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (उपकरणाला जोडायच्या छोट्या वायरी) मिळून १०. जॉइंट मारला म्हणून सिग्नल नव्याने सुरू होत नाही, उलट जॉइंटपाशी अजून थोडा पडतो. नव्याने सुरू होतो तो नेटवर्क स्विच (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारा डबा) लावल्यावर, तिथून पुढे परत १०० मीटर मिळतात.

आता १४० मीटर चालू केलंत तर पहिल्या दिवशी चित्र येईलही, आणि तिथेच लोक फसतात. कॅमेऱ्याला वीज त्याच केबलमधून जाते ना, साध्या पीओईत (लॅन केबलमधूनच वीज द्यायची पद्धत) स्विच १५.४ वॅट सोडतो तेव्हा १०० मीटरवर १२.९५ वॅटचीच खात्री असते, मग दिवसा सगळं छान आणि रात्री अंधारात दिसण्यासाठीचे आयआर (इन्फ्रारेड) लाइट लागले, लोड वाढला की कॅमेरा बंद-चालू बंद-चालू. केबल सीसीए म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असेल तर आणखी लवकर. तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर परत करा.

मीटर मोजताना दोन विंगमधलं सरळ अंतर धरू नका, केबल डक्टमधून गच्चीवर जाते, तिकडून परत खाली उतरते. केबलवरच मीटरचे आकडे छापलेले असतात, दोन्ही टोकांचे वजा करा.

तुमच्यासाठी मला फायबरच बरं वाटतं. सिंगल मोड फायबर काही किलोमीटर आरामात जाते, आणि काचेची असल्याने वीज वाहून नेत नाही, त्यामुळे जूनच्या सुरुवातीला विजा कडाडतात तेव्हा एका विंगमधला झटका दुसरीकडच्या रेकॉर्डरपर्यंत येत नाही, गच्चीवरून तांबं टाकायला मी तरी सांगणार नाही. गेटजवळ वॉचमनच्या केबिनमध्ये लाइट असेलच, तिथे मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल लॅन केबलसाठी बदलणारा डबा) आणि छोटा पीओई स्विच बसवा, तिथून कॅमेऱ्यापर्यंत साधी कॅट ६ लॅन केबल. आणि बिल द्यायच्या आधी रात्री आयआर चालू असताना तासभर रेकॉर्डिंग बघून घ्या.