एमएस, सहा आठवड्यांचं रिहॅब आणि रिटायरमेंटचा पैसा

दादा, तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. वहिनी ४१ वर्षांच्या, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचा आजार) होऊन नऊ वर्षं झालीत, जेमतेम १०० मीटर चालायलाही आता काठी लागते. नोकरी अजून चालू आहे पण दुपारनंतर पार गळून जातात. एका सेंटरने सहा आठवडे तिथेच राहून करायचा रिहॅब, म्हणजे पुनर्वसनाचा, प्रोग्रॅम सुचवलाय, खर्च तुमच्या घरच्या आठ महिन्यांच्या कमाईएवढा, आणि तो रिटायरमेंटच्या पैशातून काढायचा का, हा तुमचा प्रश्न.

माझं मत, नका काढू. पण रिहॅब करा, नक्की करा.

मी डॉक्टर नाही, पण एमएस असलेल्या बऱ्याच घरांचं बजेट बसवलंय त्यामुळे यातलं थोडंफार वाचावं लागलंय. हे प्रकरण फसवं वगैरे अजिबात नाही. न्यूरोलॉजिस्ट, रिहॅबचे डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमतील अशी बसवून देणारा), गरज पडली तर स्पीच थेरपिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ, लघवीच्या त्रासाचं बघणारं कोणीतरी, असे सगळे एकत्र बसून एकाच पेशंटचा प्लॅन करतात आणि त्याचा उपयोग होतो. कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २००७ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर निघालं असं, की मज्जातंतूंचं झालेलं नुकसान रिहॅबने भरून येत नाही, पण रोजची कामं आणि चारचौघांतला वावर सुधारतो. आणि तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे, ॲडमिट राहून केलेल्या रिहॅबचा फायदा दिसला तो थोड्या काळापुरता, उलट कमी जोराचा पण लांबवर चालवलेला कार्यक्रम होता त्यात जगण्याचा दर्जा जास्त काळ टिकलेला दिसला. म्हणजे सगळा पैसा सहा आठवड्यांत ओतून सातव्या आठवड्यापासून हात रिकामे, हे गणित मला पटत नाही.

आता कमाईचं बघू. घरात येणाऱ्या पैशातला ४० टक्के वाटा वहिनींचा आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्यांची नोकरी अजून पाच वर्षं टिकली तर ६० महिन्यांचे ४० टक्के, म्हणजे घरच्या २४ महिन्यांच्या कमाईएवढा पैसा. प्रोग्रॅमच्या तिप्पट! त्यामुळे कुठलाही खर्च समोर आला की मी आधी एवढंच विचारतो, याने त्यांची नोकरी टिकायला मदत होणार का, आणि तुमची पाठ शाबूत राहणार का, कारण रोज त्यांना उचलून उठवताय तुम्ही, हे मेलमध्ये अगदी शेवटी एका ओळीत उरकलंय.

तुमच्या मेलमधलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. वहिनी ऑफिसला जाताना सकाळपासून पाणीच पीत नाहीत कारण टॉयलेटपर्यंत वेळेत पोचता येत नाही. अहो, पाणी कमी केलं की लघवी दाट होते, मूत्राशय आणखी चिडतं, इन्फेक्शनची शक्यता वाढते, आणि इन्फेक्शन होऊन ताप आला की एमएसची जुनी लक्षणं उफाळून येतात, माणसाला वाटतं नवीन ॲटॅक आला. यावर औषधं आहेत, लघवीचं वेळापत्रक आहे, आणि गरज पडली तर स्वतः कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालायची शिकवणी, यातल्या कशालाच सहा आठवडे ॲडमिट राहावं लागत नाही. तसंच थकव्याचं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट दिवसाचा तक्ता घेऊन बसतो, डोक्याचं काम सकाळी, मध्ये ठरवून दहा मिनिटं पाठ टेकणं, उभ्याने करायचं ते बसून, खोली गार ठेवणं (उष्णतेने एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात), पाऊल घसटत असेल तर घोट्याचा स्प्लिंट. दिसायला किरकोळ, पण नोकरी बरेचदा यावरच टिकते.

मग मी काय करेन? तीन महिन्यांच्या कमाईएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकेन, दीड वर्षासाठी. ती रिटायरमेंटमधून नाही, तुम्ही गाडी बदलायला साठवताय ना त्यातून, गाडी थांबेल. आधी पूर्ण टीमकडून एकदा तपासणी, मग दोन आठवडे तिथे, मग आठवड्यातून एकदा, आणि दर तीन महिन्यांनी टीमकडून आढावा. बाथरूमला धरायचे दांडे आणि थेरपिस्टची एक घरभेट याच पैशात. एमएसचं औषध चालू आहे त्याला यासाठी हात लावायचा नाही, रिहॅब त्याच्या जागी येत नाही. इमर्जन्सी फंड सहा महिन्यांऐवजी बारा महिन्यांचा करा, कारण ॲटॅक सांगून येत नाही. आणि रिटायरमेंटचा पैसा का नको म्हणतोय, तर एमएस असून माणसं अनेक दशकं जगतात, साठीनंतर मदतनीस ठेवायला हाच पैसा लागणार आहे.

नुकताच मोठा ॲटॅक येऊन गेलाय, वारंवार पडतायत, गिळताना ठसका लागतोय, असं काही असेल तर मात्र माझं मत बदलेल, तेव्हा ॲडमिट होणंच बरं, पैसे कुठूनही काढू. तुमच्या मेलमध्ये तसं काही नाही. सेंटरला एवढं विचारा की मध्येच तब्येत बिघडली तर उरलेले पैसे परत मिळतात का, आणि घरी आल्यावर पुढे कोण बघणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं सेंटर शोधा.

जाता जाता, लग्नानंतर लगेच घेतलेली क्रिटिकल इलनेस पॉलिसी (यादीतला गंभीर आजार झाला की ठरलेली रक्कम देणारा विमा) कपाटात पडून आहे म्हणालात. ती एमएस कळण्याच्या आधीची आहे! अनेक पॉलिसींमध्ये एमएस नावानिशी असतो, लक्षणं ठराविक काळ टिकून राहिल्याचं दाखवावं लागतं, बहुधा सहा महिने. नऊ वर्षांत क्लेमच केला नाही का हो? उशीर झाला म्हणून नाकारतीलही, पण लेखी विचारल्याशिवाय सोडू नका. अटींची पानं स्कॅन करून पाठवा, मी बघतो, आणि तोवर पाण्याचं तेवढं वहिनींच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.