शनिवारी सूफ्लेच कर

पत्र : ताई, येत्या शनिवारी आमच्या लग्नाला सात वर्षं होतील. यंदा हॉटेलात न जाता घरीच दोघांपुरतं फ्रेंच जेवण करायचं मनात आहे. मेणबत्त्या, वाइन, सगळं साग्रसंगीत. मी फ्रेंच शिकतेय, त्यामुळे हौस दांडगी. सूफ्ले, म्हणजे तो फेसलेल्या अंड्याचा फुगलेला फ्रेंच पदार्थ, करायची फार इच्छा होती, पण तो म्हणे लगेच खावा लागतो. नवऱ्याच्या यायच्या वेळेचा भरवसा नसतो, आठ म्हटलं की साडेनऊ होतात, म्हणून सगळं आदल्या दिवशी करून नुसतं गरम करता येईल असंच हवं. त्याला अजून काही बोललेले नाही. चिकन चालतं, बीफ नको. घरी छोटा ओटीजी आहे. मेन्यू सुचवा ना! – फ्रेंचवेडी, कोथरूड

फ्रेंचवेडी,

मेन्यू देते. पण 'आठ म्हटलं की साडेनऊ होतात' हे तू इतक्या सहज लिहून टाकलंस आणि लगेच बीफ आणि ओटीजीकडे वळलीस की मला ते वाक्य पुन्हा वाचावं लागलं. सूफ्लेची फार इच्छा होती म्हणतेस आणि पुढच्याच ओळीत ती सोडूनही देतेस. कुणी सांगितलं होतं सोडायला? त्याने तर नाहीच, त्याला बेतच ठाऊक नाही. त्याने उशीर करायच्या आधीच तू त्याचा उशीर धरून चाललीस आणि तुला आवडलेला एकच पदार्थ त्यापायी खोडलास.

सात वर्षं तू त्याचा उशीर गरम करून वाढते आहेस. आला की ताट तयार, तू हसतमुख, मग घड्याळाकडे बघायची त्याला गरज काय? त्याची चूक आहेच. पण पत्र तू लिहिलंयस, म्हणून तुलाच बोलते, आणि रागावूनच बोलते.

शनिवारी सूफ्ले कर. चीजचा, पहिला पदार्थ म्हणून. सूफ्लेसाठी माणसांनी थांबायचं, सूफ्ले माणसांसाठी थांबत नाही, असं फ्रेंच लोक मानतात, आणि ते अक्षरशः खरं आहे. फेसलेल्या अंड्यातली हवा भट्टीत तापून फुगते, बाहेर काढलं की निवते आणि दोन-चार मिनिटांत तो खाली बसायला लागतो. पुन्हा गरम करून तो आधीसारखा होत नाही. तुझ्या घरात असा एक पदार्थ फार आधीच यायला हवा होता.

बाकीचं सगळं आधी होतं, काळजी करू नकोस. मुख्य पदार्थ कोक ओ वॅं, म्हणजे वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा. मूळ पदार्थ म्हाताऱ्या, निबर कोंबड्याचा, म्हणून ब्रॉयलर आणू नकोस, तो मऊ पडून लगदा होतो. गावठी कोंबडा घे. गुरुवारी रात्री तो नाशिककडच्या कोरड्या लाल वाइनमध्ये गाजर, कांदा, लसूण, तमालपत्र घालून मुरत ठेव. शुक्रवारी तुकडे पुसून लोण्यात लालसर परत, थोडा मैदा भुरभुरव, तीच वाइन गाळून ओत आणि झाकण ठेवून मंद आचेवर दोनेक तास शिजव. गार झाला की फ्रिजमध्ये. शनिवारी वर चरबीचा थर धरलेला असेल, तो चमच्याने काढून टाक. सांबारात घालतात ते छोटे कांदे आणि मशरूम वेगळे परतून वरून घाल. असा मुरलेला रस्सा दुसऱ्या दिवशीच खरा लागतो. सोबत उकडलेले बटाटे आणि पाव पुरे.

गोडाला चॉकलेटचं पो द क्रेम, म्हणजे वाटीत भाजलेलं मऊ कस्टर्ड. तेही शुक्रवारीच. साठ ग्रॅम डार्क चॉकलेट, सव्वाशे मिली क्रीम, पाऊण वाटी दूध, दोन अंड्यांचे बलक आणि चमचाभर साखर. दोन वाट्यांत भरून, गरम पाण्याच्या ताटलीत ठेवून ओटीजीत दीडशे डिग्रीवर अर्धा तास. मध्यभाग जरा डुगडुगता असतानाच काढ, फ्रिजमध्ये तो धरतो. उरलेलं पांढरं फेकू नकोस, त्यातलं एका अंड्याचं सूफ्लेला लागेल.

आता सूफ्ले. तोही अर्धा आधी होतो. दुपारी वीस ग्रॅम लोण्यावर तितकाच मैदा परत, दीडशे मिली दूध घालून घट्ट सॉस कर, उतरवून त्यात दोन बलक, साठ ग्रॅम किसलेलं चीज (एमेंटाल किंवा गौडा, अमूलचं चालेल), चिमूटभर जायफळ. झाकून ठेव. सरळ काठाच्या पाऊण लिटरच्या भांड्याला आतून लोणी लाव. सव्वासातला ओटीजी एकशे नव्वदवर तापवायला लाव, जाळी सगळ्यात खाली, कारण वर फुगायला चार बोटं जागा हवी. सॉस कोमट करून घे. तीन अंड्यांचं पांढरं भांडं उलटं केलं तरी हलणार नाही इतपतच फेस, त्यापुढे गेलं की ते दाणेदार होतं. आधी एक डाव सॉसमध्ये ढवळून घे, उरलेलं खालून वर हलक्या हाताने मिसळ. साडेसात वाजून पाच मिनिटांनी आत. पंचवीस मिनिटं. त्या वेळात ओटीजीचं दार उघडायचं नाही, आणि खिडकीतून कुणाची गाडी आली का ते बघायचं नाही.

आठला सूफ्ले टेबलावर. तू खुर्चीवर, वाइन ओतलेली. तो समोर असेल तर उत्तम. नसेल तर तू चमचा घालायचा. अर्धा त्याच्यासाठी झाकून ठेवायचा नाही, तो बसलेला सूफ्ले 'असू दे, चालेल' म्हणून त्याच्यापुढे सरकवायचाही नाही. सगळा तू खा. लोण्याचा, चीजचा, वर तपकिरी पापुद्रा आणि आत ओलसर, असा गरम सूफ्ले तू अजून एकदाही खाल्लेला नाहीस, आणि इच्छा तुझी होती.

सरप्राइजची कल्पना मात्र सोड. ज्याला वेळच सांगितलेली नाही, त्याला उशिराबद्दल जाब कसा विचारणार? आज रात्री तो जेवायला बसला की तोंडावर सांग, मेसेज नको. म्हण, शनिवारी आठला मी जेवायला बसणार आहे, तुला माझ्यासोबत बसायचं असेल तर पावणेआठला घरी ये. कारण विचारलं तर सूफ्ले म्हणून सांग. तो साडेनऊला उगवला, तर कोंबडा कुठल्या भांड्यात आहे तेवढं दाखव. गरम त्याचा तो करून घेईल.