उशीर झालाय, पण दहावीचे ८७ टक्के अजून कामाचे आहेत

इंदूरच्या सुदामानगरातून एका आईंचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"मुलीला दहावीत ८७ टक्के होते. बारावीच्या वर्षी तिच्या बाबांचा अपघात झाला, चार महिने घरी होते. त्यात तिचा अभ्यास सुटला आणि ती भौतिकशास्त्रात राहिली. बोर्डाच्या दुसऱ्या परीक्षेत सुटली, पण निकाल जुलैच्या शेवटी हाती आला. आता एकूण २९२ गुण आहेत: गणित ४७, भौतिक ३६, रसायन ५५, इंग्रजी ७६, हिंदी ७८. जेईई दिलेली नाही. कुठेही फॉर्म भरलेला नाही. तिला कॉम्प्युटरमध्ये जायचंय. हे लोडिंग रिक्षा चालवतात, मी डबे करते, मिळून महिन्याला १८ हजार येतात. एका खासगी कॉलेजच्या माणसाचा रोज फोन येतो. बी.टेक.ची सीट आहे, वर्षाला ८५ हजार, आत्ता २५ हजार रोख द्या, बाकी स्कॉलरशिपमध्ये होऊन जाईल, असं म्हणतो. द्यावेत का? की वर्ष थांबून पुन्हा बारावी द्यावी?"

ताई, २५ हजार देऊ नका. पुन्हा बारावीही नको. उशीर झालाय हे खरं, पण दारं बंद झालेली नाहीत. आधी तुमच्या लेकीच्या गुणांकडे नीट बघू, कारण त्या गुणांचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा लागतो.

बी.ए., बी.कॉम., बी.एससी.च्या यादीत बारावीचे पाचही विषय धरतात. तिथे ती ५८.४ टक्क्यांवर आहे. बी.टेक.साठी फक्त गणित, भौतिक आणि रसायन बघतात. त्यांची बेरीज ३०० पैकी १३८, म्हणजे ४६ टक्के. किमान अट ४५ ची असल्यानं ती जेमतेम आत बसते आणि म्हणूनच तो फोन रोज येतोय. जेईईच्या फेऱ्या झाल्यावर उरलेल्या जागा बारावीच्या गुणांवर भरता येतात आणि कॉलेजांना त्या भरायच्या असतात. पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची यादी मात्र दहावीच्या गुणांवर लागते. तिथे ती ८७ टक्क्यांची विद्यार्थिनी आहे. बारावी झाल्यावर डिप्लोमा म्हणजे मागे जाणं, असं आपल्याकडे सर्रास समजतात आणि त्यापायी हा पर्याय बघितलाच जात नाही. तुमच्या बाबतीत मला तोच सगळ्यात भक्कम वाटतो.

आधी त्या खासगी सीटचा हिशेब करू. ८५ हजारांप्रमाणे चार वर्षांचे ३ लाख ४० हजार होतात. तुमचं वर्षाचं उत्पन्न २ लाख १६ हजार, म्हणजे दर वर्षी दहातले चार रुपये एकट्या फीत जाणार. 'स्कॉलरशिपमध्ये होऊन जाईल' हे तर इथे लागूच होत नाही. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेला एमपी बोर्डाच्या बारावीत ७० टक्के लागतात. असंघटित कामगारांच्या मुलांसाठी जी मुख्यमंत्री जनकल्याण शिक्षा प्रोत्साहन योजना आहे, तिच्यात टक्क्यांची अट नाही, पण इंजिनिअरिंग डिग्रीसाठी जेईईत दीड लाखाच्या आतली रँक हवी. तुमच्या मुलीनं जेईई दिलेलीच नाही. मग उरतं कर्ज. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागत नाही. पण दर वर्षी ८५ हजार उचलले, १० टक्के व्याज धरलं, आणि शिक्षणाची चार वर्षं अधिक एक वर्ष हप्ता सुरू झाला नाही, तर तोवर फक्त व्याजच १ लाख १९ हजार साचतं. पुढे दहा वर्षं महिन्याला सुमारे सहा हजारांचा हप्ता. भौतिकात ३६ आणि गणितात ४७ घेऊन बी.टेक.च्या पहिल्या वर्षाला बसणाऱ्या मुलीवर हे ओझं आत्ताच टाकू नये, असं मला मनापासून वाटतं. विषय राहिले आणि वर्ष लांबलं, तर फी वाढते आणि कर्जही.

आता डिप्लोमा. याची नोंदणी तंत्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर, एमपी ऑनलाइनमार्फत होते. मुख्य फेऱ्या संपल्या असल्या तर संस्था पातळीवरच्या फेरीत, म्हणजे सीएलसीत, नाव घालता येतं. इंदुरात शासकीय महिला पॉलिटेक्निक आहे, अनुदानित वैष्णव पॉलिटेक्निक आहे. दोन्ही ठिकाणी स्वतः जाऊन 'कोणत्या शाखेत किती जागा उरल्या आहेत' एवढंच विचारा. कॉम्प्युटरची शाखा सगळ्यात आधी भरते, तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल घ्यायची मनाची तयारी ठेवा. डिप्लोमानंतर बी.ई.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्यामुळे डिग्रीचा रस्ता खुला राहतो.

बारावी गणित शाखेतून झाल्यामुळे तिला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही अर्ज करता येईल. एक वर्ष वाचेल म्हणून हाच सल्ला तुम्हाला बहुतेक जण देतील. मी पहिल्या वर्षाच्या बाजूचा आहे आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिल्या वर्षातलं गणित आणि भौतिक साधारण अकरावी-बारावीच्या वळणाचं असतं. तिचं नेमकं तेच कच्चं राहिलंय, ते इथे पक्कं होईल. दुसरं कारण पैशाचं. एआयसीटीई, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, हिची प्रगती शिष्यवृत्ती फक्त मुलींसाठी आहे, वर्षाला ५० हजार रुपये. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत मिळते, संस्था एआयसीटीई मान्यताप्राप्त हवी. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलींची निवड दहावीच्या गुणांवर होते. थेट दुसऱ्या वर्षाला गेली की तिथे बारावीचे गुण पुढे येतात आणि ८७ ची जागा ५८ घेतात. मिळेलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही, जागा मोजक्या असतात. पण ८७ वर अर्ज करणं आणि ५८ वर करणं यात फार फरक आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, प्रवेश झाल्यानंतर.

त्याच्या जोडीला वर म्हटलेली जनकल्याण योजना. डिग्रीला जेईई आडवी येते, पॉलिटेक्निक डिप्लोमाला येत नाही. तिच्यात प्रवेश शुल्क आणि शिक्षणाची फी शासन भरतं, मेसचा खर्च आणि अनामत रक्कम तुम्हालाच भरावी लागते. अट एवढीच की वडिलांची किंवा आईची राज्याच्या संबल योजनेत असंघटित कामगार म्हणून नोंद असावी. रिक्षा स्वतःची असो वा भाड्याची, पीएफ कापला जात नसेल, आयकर भरत नसाल आणि जमीन एक हेक्टरपेक्षा जास्त नसेल, तर तुम्ही या योजनेत बसू शकता. नगर निगमच्या झोन कार्यालयात समग्र आयडी (राज्य सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) घेऊन याच आठवड्यात जा. जुनी नोंद असेल तर ती पोर्टलवर 'पात्र' दिसते का ते बघून घ्या. पडताळणीत नाव अपात्र झालेलं असतं आणि घरच्यांना पत्ता नसतो, हे फार दिसतं. प्रगती घेणाऱ्या मुलीला दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेता येत नाही. तेव्हा दोन्ही दारं ठोठावा, पण पैसे एकाच ठिकाणचे घ्या.

प्रतिभा किरण शिष्यवृत्तीबद्दलही कुणीतरी सांगेल. ती शहरातल्या गरिबी रेषेखालच्या मुलींसाठी आहे, पण ६० टक्के लागतात. तुमची मुलगी आठ गुणांनी बाहेर आहे. त्या आठ गुणांसाठी वर्ष घालवण्यात अर्थ नाही.

डिप्लोम्याचं काम होईपर्यंत हाताशी दुसरी जागा हवी. त्यासाठी उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेश पोर्टलवर वेगळी नोंदणी करा. हे आणि तंत्रशिक्षणाचं पोर्टल दोन निराळी आहेत, एकावर भरलेलं दुसरीकडे दिसत नाही. मोती तबेल्याचं माता जिजाबाई आणि किल्ला मैदानाचं महाराणी लक्ष्मीबाई, ही मुलींची दोन्ही शासकीय कॉलेजं यादीत घाला. होळकर सायन्सही घाला, पण ५८ टक्क्यांवर तिथे कॉम्प्युटरची जागा या दिवसांत मिळेल अशी आशा धरू नका. शासकीय कॉलेजातही काही अभ्यासक्रम स्ववित्तीय, म्हणजे विद्यार्थ्यांच्या फीवरच चालणारे, असतात, कॉम्प्युटरचे तर हमखास, आणि त्यांची फी नेहमीच्या फीच्या कितीतरी पट असते. कॉलेजचं नाव 'शासकीय' आहे म्हणून बिनधास्त राहू नका, अभ्यासक्रमापुढे काय लिहिलंय ते वाचा. विज्ञान सोडून कॉमर्सकडे जायचं म्हटलं तर शाखाबदलामुळे गुणानुक्रमात वजावट होऊ शकते. त्या वर्षीची प्रवेश मार्गदर्शिका बघून मगच पसंती भरा. एनसीसी, एनएसएसचं प्रमाणपत्र असेल तर त्याचा अधिभार, म्हणजे जादा गुण, मिळतो, पण ते प्रमाणपत्र नोंदणी करतानाच अपलोड केलेलं असावं लागतं.

फॉर्म भरताना कुठे अडतं ते सांगतो, कारण उशिरा आलेल्यांना चूक दुरुस्त करायला दिवस उरत नाहीत.

तुमच्या मुलीच्या बाबतीत पहिली धास्ती गुणांची. रोल नंबर टाकल्यावर भौतिकचे जुनेच, नापासचे गुण दिसले, तर पुढे जाऊ नका. दुसऱ्या परीक्षेची मार्कशीट घेऊन शासकीय कॉलेजातल्या मदत केंद्रावर जा, तिथून दुरुस्त करून घ्या आणि मगच फॉर्म लॉक करा.

दुसरी धास्ती नावाची, आणि ती आपल्या मराठी घरांत जास्त. आधारवर आपण मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही लिहितो. एमपी बोर्डाच्या मार्कशीटवर बहुधा मुलीचं नाव आणि आडनाव एवढंच असतं, वडिलांचं नाव खालच्या ओळीत. हिंदी कागदांवर 'काळे'चं 'काले' होतं ते वेगळंच. आधार, समग्र आणि मार्कशीट, तिन्हींवर इंग्रजी अक्षरं एकेक करून जुळवून बघा. प्रवेश यातून निघून जातो, शिष्यवृत्ती मात्र इथेच अडकते. मार्कशीट बदलायला महिने लागतात, तेव्हा समग्र आणि आधार मार्कशीटप्रमाणे करून घ्या.

मोबाइल नंबर घरचाच द्या. फॉर्म भरून देणारा कियोस्कवाला घाईत स्वतःचा टाकतो आणि मग ओटीपी त्याच्याकडे जात राहतात. बँकेचं खातं मुलीच्या एकटीच्या नावाचं हवं आणि ते आधारशी थेट लाभासाठी जोडलेलं हवं. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ते जोडलं गेलं असं नाही. 'डीबीटी सुरू आहे का' असंच काउंटरवर विचारा. वर्षभर व्यवहार नसेल तर आधी शंभर-दोनशे रुपये भरून खातं चालू करून घ्या.

मूल निवासी (रहिवासी) आणि आय (उत्पन्न) प्रमाणपत्र लोकसेवा केंद्रात मिळतं, कागद पुरे असले तर बऱ्याचदा त्याच दिवशी. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही. सामान्य असाल तर ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं, प्रमाणपत्र तहसीलमधून काढा. त्याला वेळ लागतो आणि ते चालू आर्थिक वर्षाचं लागतं, म्हणून तोच अर्ज सर्वांत आधी टाका.

पोर्टलवर 'सीट अलॉट' दिसली म्हणजे प्रवेश झाला असं नाही. ठरलेल्या मुदतीत फी ऑनलाइन भरून पावती निघाली की प्रवेश. शेवटच्या रात्री पैसे खात्यातून जातात आणि पावती निघत नाही, असं होतं. एक दिवस आधी भरा. शाळेकडून टीसी आत्ताच काढून ठेवा. मूळ टीसी एकच असते. ती ई-प्रवेशच्या कॉलेजात दिल्यावर पॉलिटेक्निक लागलं, तर आधी पहिला प्रवेश ऑनलाइन रद्द करावा लागेल, मग टीसी परत मिळेल. यात दोन-तीन दिवस सहज जातात. म्हणून पॉलिटेक्निकच्या फेरीची तारीख आधी बघा आणि शक्य असेल तर टीसी तिथल्यासाठी राखून ठेवा.

त्या फोन करणाऱ्याला एकच सांगा: फीचा आकडा कॉलेजच्या लेटरहेडवर द्या आणि पैसे कॉलेजच्या खात्यात ऑनलाइन घ्या. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी भोपाळची प्रवेश व शुल्क नियामक समिती ठरवते, तो आकडा तिच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. वर्ग सुरू होण्याआधी प्रवेश सोडला, तर एआयसीटीईच्या नियमानं कॉलेजला हजार रुपयांपेक्षा जास्त कापता येत नाहीत आणि मूळ मार्कशीट अडकवून ठेवता येत नाही. पण हे सगळं पावती असलेल्या पैशांना लागू आहे. रोख दिलेल्या २५ हजारांचा कुठे पुरावाच नसतो.

राहिला पुन्हा बारावीचा प्रश्न. पुन्हा बसून गुण वाढतीलही, पण त्या वर्षाचा क्लासचा खर्च तुम्हालाच करायचा आहे, आणि ज्या दाराशी तिचे गुण सगळ्यात चांगले ठरतात तिथे बारावी विचारतच नाहीत. यंदा पॉलिटेक्निक लागलंच नाही, तर मुलींच्या शासकीय कॉलेजात बी.एससी.ला बसवा आणि पुढच्या मे महिन्यापासूनच तंत्रशिक्षणाच्या पोर्टलवर लक्ष ठेवा. दहावीचे ८७ तेव्हाही तितकेच असतील, आणि पहिल्या फेरीत कॉम्प्युटरची शाखाही मागता येईल.