हाफलिंगला चोर कोणी केले?

फँटसी रोलप्लेइंग खेळांतील हाफलिंग, नोम अशा ठेंगण्या जमाती कशा घडत गेल्या आणि हाफलिंग बहुधा चोरच का असतो, असे आपण विचारले आहे. प्रश्नाचा दुसरा भाग माझ्या जिव्हारी लागणारा आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटाची नवी मोहीम सुरू होत असताना मी एक हाफलिंग योद्धी तयार केली होती. ढाल, आखूड तलवार आणि गावाच्या वेशीवर पहारा देण्यात गेलेले बालपण, एवढे सगळे मी कागदावर बारकाईने लिहिले होते. डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, तो कागद वाचून परत दिला आणि सर्वांसमोर सांगितले की हाफलिंग पहिल्या रांगेत उभा राहत नसतो, ती जमात परंपरेनेच चोरांची आहे, लढायचेच असेल तर माणूस घे. मी वाद घातला नाही आणि चोर खेळले. पुढचे सात महिने मी कुलपे उघडली, सापळे शोधले, आणि ज्या लढाईत आमचा ड्वार्फ, म्हणजे बुटक्या पण दणकट जमातीचा सोबती, एकटा दार अडवून उभा राहिला आणि पडला, त्या लढाईतही मी मागे, अंधारातच होते.

ज्या परंपरेचा दाखला मला दिला गेला, ती मी नंतर मुळापासून तपासली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी रचलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या १९७४च्या पहिल्या नियमांत ही जमात ‘हॉबिट’ याच नावाने होती आणि तिला एकच पेशा खुला होता, तो म्हणजे योद्ध्याचा! चोर हा पेशा त्या नियमांत नव्हताच. तो १९७५च्या ग्रेहॉक पुरवणीत आला. हॉबिट योद्धा चौथ्या पातळीवर, म्हणजे अनुभवाने चढत जाणाऱ्या दर्जाच्या चौथ्या पायरीवर, अडत असे, चोराला मात्र पातळीची मर्यादा ठेवली नाही, त्यामुळे ज्याला आपले पात्र दीर्घकाळ खेळवायचे होते त्याने चोर होणे हेच शहाणपणाचे ठरले. १९७८च्या नियमपुस्तकात या जमातीच्या गुणांकांपैकी चपळाईत एकाची भर आणि बळात एकाची घट आली आणि चोरासाठी पातळी तेथेही अमर्याद राहिली. टॉल्किन यांच्या १९३७च्या कथेतील हॉबिटला चोरीच्या कामावर नेले जाते हे खरे, पण तो एकट्याचा, नाइलाजाने स्वीकारलेला उद्योग होता. त्याला जातिस्वभाव बनवले ते खेळातील कोष्टकांनी.

दरम्यान टॉल्किन यांच्या साहित्याच्या हक्कधारकांनी हरकत घेतल्यामुळे हॉबिटचे हाफलिंग झाले. घर मात्र तेच राहिले: १९७८मधील हेअरफूट, टॉलफेलो आणि स्टाउट या शाखा टॉल्किन यांच्या हॉबिटांतील हारफूट, फॅलोहाइड आणि स्टूर यांच्याच सावल्या आहेत. १९८४च्या ड्रॅगनलान्समध्ये, म्हणजे या खेळासाठी रचलेल्या एका काल्पनिक जगात, हाफलिंगच्या जागी केंडर आले. भय न जाणणारे आणि दुसऱ्याची वस्तू सहज खिशात घालूनही त्याला चोरी न मानणारे केंडर, माझ्या मते, या सगळ्या इतिहासातील सर्वांत वाईट कल्पना आहेत, कारण सोबत्यांनाच लुटायची सबब त्यांनी खेळाडूंच्या हाती दिली. त्यापेक्षा १९९१च्या डार्क सन या दुसऱ्या जगातील नरभक्षक हाफलिंग बरे. तेथे निदान कोणी नव्याने विचार केला होता. २००० सालच्या नव्या नियमांत हाफलिंगचे सुटलेले पोट जाऊन अंग सडपातळ झाले आणि जमात भटकी बनली. २००४च्या एबेरॉन या जगात तर टॅलेंटाच्या मैदानांवर हाफलिंग डायनासोरवर स्वार होऊन लढू लागले.

नोमांविषयी थोडक्यात सांगते. १९७८मध्ये ते मायावी जादूगार म्हणून खेळाडूंच्या हाती आले, ड्रॅगनलान्सने त्यांना खटपटी यंत्रकार केले, २००८मध्ये त्यांना खेळाडूंच्या पुस्तकातून काढून राक्षसांच्या पुस्तकात टाकले गेले आणि २००९मध्ये ते परतले.

हा सारा एकाच खेळाचा इतिहास आहे, हे मान्य करते. १९७४चा नियम हाफलिंगचा गौरव होता, असाही दावा नाही. चौथ्या पातळीचा अडसर गौरवाचा असूच शकत नाही. चपळाईमुळे हाफलिंग २०१४च्या नियमांतही उत्तम चोर होत असे, हेही खरे.

तरीही आपल्याला कोणी परंपरा सांगितली, तर १९७४ हे साल त्याच्यासमोर ठेवा. २०१४च्या नियमांनुसार हाफलिंगला भीतीपासून सुटका करून घेणे सोपे जाते आणि वीस बाजूंच्या फाशावर एक पडल्यास तो पुन्हा टाकता येतो. या जमातीसाठी याहून चांगला नियम कोणी लिहिलेला नाही, कारण त्यात धैर्य आहे, नशीब आहे आणि चोरी कोठेही नाही. त्या आवृत्तीत जड शस्त्रे लहान देहाला जाचक ठरत असत, पण २०२४मध्ये ती अट उंचीवरून काढून अंगच्या गुणांकावर नेली: जड तलवारीसाठी बळ तेरा असले की पुरे. माझ्या योद्धीचे बळ चौदा होते.