पुण्यात स्वतःच्या प्लॉटवर घर बांधताना सगळ्यात कमी दराचा कॉन्ट्रॅक्टर घ्यावा का?

तीन कॉन्ट्रॅक्टरांनी स्क्वेअर फुटाचे तीन वेगळे दर दिलेत, म्हणून तुम्ही हे विचारताय. चार वर्षांपूर्वी मीही तेच कोटेशन हातात घेऊन बसलो होतो. दर नंतर बघा, त्या दरात काय काय धरलंय ते आधी कागदावर आणा.

आमचा प्लॉट मांजरीला, काळ्या मातीत. पाया पाच फुटांचा धरला होता. पाच फुटांवरही काळीच माती! घट्ट मुरूम लागेपर्यंत नऊ फूट जावं लागलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "साहेब, आपला दर पाच फुटांपर्यंतचाच." करारात याबद्दल एक ओळ नव्हती, त्यामुळे मला बोलायलाच जागा उरली नाही. जादा खोदाई, काँक्रीट, कॉलमचं स्टील, वर जोत्यात भरायला बाहेरून मुरूम. निघालेली माती जोत्यात टाकता येत नाही. ती पाणी लागलं की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि फरशी उखडते. हे सगळं दोन खड्ड्यांत आधीच कळलं असतं. जेसीबी बोलवा, प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घ्या, आरसीसी कन्सल्टंटला (पाया-कॉलमचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला) दाखवा आणि मगच करार करा. बावधनसारख्या डोंगराकडच्या भागात प्लॉट असेल तर उलटं होतं, दोन फुटांवरच खडक लागू शकतो. तिथे खडक फोडायच्या मशीनचा, म्हणजे ब्रेकरचा, दर वेगळा लिहून घ्या.

दुसरी गोष्ट मोजमापाची. बाल्कनी, जिना, पोर्च पूर्ण मोजणार की अर्धं? दरात 100 रुपये कमी करून घेतलेत तर 2,000 फुटांवर 2 लाख वाचतात. पण 200 फूट जादा मोजले गेले तर 2,000 च्या दराने 4 लाख जातात. पाण्याच्या टाक्या, सेप्टिक टँक, कंपाउंड वॉल दरात आहेत का, तेही लिहा. मटेरियलसह काम असेल तर 18 टक्के जीएसटी धरलाय की वर लागणार, हेही विचारा. स्वतःच्या एका घराच्या निव्वळ मजुरीच्या कामाला तो लागत नाही.

स्टील तुम्ही आणणार असाल तर वजनकाट्याची पावती घ्याच. 12 मिमीचा 12 मीटर लांब बार साधारण 10.7 किलो भरतो; बार मोजले की ताळा लगेच लागतो.

वीटकाम झाल्यावर घरच्यांना खिडकी हलवावीशी वाटतेच, आम्हालाही वाटली. पण रक्कम लिहून सही झाल्याशिवाय गवंड्याला हात लावू देऊ नका. तोंडी "बघू नंतर" शेवटच्या बिलात फार महाग पडतं.

पैसे कामाच्या मागे ठेवा, पुढे नको. पाच टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायची अट आमच्या आर्किटेक्टनी घातली होती. जुलैत जिन्याच्या डोक्यावरचा स्लॅब गळला, तेव्हा कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्याच दिवशी माणसं घेऊन आला.

तेव्हा त्या कमी दरवाल्याला आज फोन करून एवढंच विचारा: पाया किती फुटांपर्यंत धरलाय, आणि त्याखाली गेलं तर फुटाला किती?