बर्फ कच्चा नाही, फ्रेम कच्ची आहे

प्रश्न : मॅडम, आम्ही चौघं यांत्रिकी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. समुद्री बर्फ किती दाब सोसतो हे मोजायचं यंत्र आम्ही प्रकल्पासाठी बनवलंय. खाली हाताने पंप मारायचा हायड्रॉलिक जॅक, १६ मिलिमीटर जाडीचे आणि ८० सेंटिमीटर लांबीचे चार पोलादी खांब, वर भार मोजणारा लोड सेल. मिठाचं पाणी डीप फ्रीजरमध्ये गोठवून ९० मिलिमीटर व्यासाचे, २२५ मिलिमीटर उंचीचे दंडगोल केले. एकाच दिवशी बारा नमुने चिरडले. ताकद १.१ मेगापास्कलपासून ५.८ मेगापास्कलपर्यंत काहीही येते. काही नमुने नुसते फुगून बसतात, तर काही फटाक्यासारखे फुटतात. लोड सेल बदलावा का?

उत्तर : लोड सेलला हात लावू नका. त्या बिचाऱ्याने जे घडलं तेच सांगितलंय. आधी मला एक सांगा: जॅकचा दांडा कोण मारत होतं, हे प्रत्येक नमुन्यापुढे लिहिलंय का? नसेल लिहिलं, तर निम्मा घोळ तिथेच आहे.

काँक्रीटचा ठोकळा थोडा हळू चिरडला काय, थोडा भरभर चिरडला काय, आकडा फारसा हलत नाही. बर्फाचं तसं नाही. तो आपल्या वितळणबिंदूच्या इतका जवळ असतो की त्याच्या दृष्टीने तो कायम तापलेलाच. हळू दाबला तर मऊ धातूसारखा दबत जातो. वेग वाढवत नेला की ताकदही वाढत जाते, साधारण सेकंदाला एक हजारांश विकृतीपर्यंत, म्हणजे दर सेकंदाला उंचीच्या हजाराव्या भागाइतकं दबण्यापर्यंत. त्यापुढे तो ठिसूळ होतो, तडकतो, आणि आकडे पसरायला लागतात. तुमचा नमुना २२५ मिलिमीटरचा, म्हणजे ही सीमा सेकंदाला ०.२२५ मिलिमीटरवर येते. हातपंपाच्या एका झटक्यात जॅक सेकंदाभरात मिलिमीटरभर सरकतो, मग थांबतो, मग पुन्हा झटका. म्हणजे एकाच नमुन्याला तुम्ही सीमेच्या कधी अलीकडे, कधी पलीकडे नेताय. फुगलेले आणि फुटलेले नमुने एकाच डब्यातले असूनही वेगळे का वागले, त्याचं मोठं कारण हे.

हातपंप काढा, मोटर आणि स्क्रू बसवा. ५ मिलिमीटर पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकणारा स्क्रू घेतला तर ०.२२५ मिलिमीटर वेगासाठी तो मिनिटाला २.७ फेरे फिरायला हवा. त्याच्या शंभरपट हळू चाचणी करायची तर एका फेऱ्याला ३७ मिनिटं लागतील. गिअरबॉक्स निवडताना ही दोन टोकं समोर ठेवा. आणखी एक फायदा : तेल दाबलं की थोडं आक्रसतं आणि रबरी नळी फुगते, स्क्रूला ही भानगड नाही.

आता फ्रेम. तुमच्या नमुन्याचा आकार घेऊन, बर्फाचा स्थितिस्थापकता गुणांक ५ गिगापास्कल धरून हिशोब केला. तो एक मिलिमीटर दाबायला सुमारे १४० किलोन्यूटन लागतील, इतका तो ताठ. तुमचे चार खांब मिळून एक मिलिमीटर ताणायला सुमारे २०० किलोन्यूटन. त्यात आडव्या पट्ट्यांचं वाकणं आणि जॅकमधलं तेल धरा, म्हणजे तुमची फ्रेम बर्फाहून मऊ निघाली तरी मला नवल वाटणार नाही. अशी फ्रेम म्हणजे ताणलेली गलोल. नमुन्याला पहिली चीर पडली की साठलेली सगळी ऊर्जा ती एका क्षणात त्याच्यात ओतते. तो फटाका बर्फाचा नव्हता, खांबांचा होता. खांब ३२ मिलिमीटरचे करा. जाडी दुप्पट, ताठपणा चौपट : ८००. आडव्या पट्ट्यांत मात्र कंजुषी नको.

विश्वास बसत नसेल तर बर्फाच्या जागी त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा दंडगोल ठेवा आणि ३० किलोन्यूटन भार द्या. तो जेमतेम ०.०१५ मिलिमीटर दबेल. सरकणं मोजणाऱ्या डायलवर त्याहून जास्त जे काही दिसेल ते तुमच्या यंत्राचं. हा प्रयोग मी नव्या यंत्रावर सगळ्यात आधी करते. पहिल्या यंत्रावर केला नव्हता, म्हणून ही सवय लागली.

नमुन्यांची टोकं कशी कापलीत ते पत्रात नाही, म्हणून करवतीने कापली असावीत असं धरते. दोन्ही टोकं एकमेकांना समांतर नसतील तर भार एका कडेवर येतो आणि ती कड आधी चुरडते. कमी आलेले आकडे बहुधा तिथले. टोकं लेथवर, थंड खोलीतच घासून घ्या. दाबणाऱ्या प्लेटाही नमुन्याइतक्याच थंड हव्यात. उबदार प्लेट लावली की टोक किंचित वितळतं, पुन्हा गोठतं आणि चिकटतं.

राहिला तुमचा बर्फ. रागावू नका, पण तो समुद्री बर्फ नाही. फ्रीजर डब्याला सगळीकडून गार करतो, त्यामुळे मीठ मध्यभागी ढकललं जातं. समुद्र वरून खाली गोठतो. त्याचे स्फटिक उभ्या खांबांसारखे वाढतात आणि मिठाचं दाट पाणी त्यांच्यामध्ये बारीक कप्प्यांत अडकतं. म्हणूनच उभा दाबलेला नमुना आडव्याहून कितीतरी जास्त भार घेतो. डब्याच्या बाजू आणि तळ जाड थर्माकोलने झाका, वरचं तोंड उघडं ठेवा, गोठायला सुरुवात होताना पृष्ठभागावर पाण्याचे बारीक तुषार मारा. खालच्या पाण्याला बाहेर पडायला एक नळी ठेवा. गोठताना आकारमान वाढतं, वाट नसेल तर दाब वाढतो आणि डबा फुटतो.

प्रत्येक आकड्याशेजारी तापमान आणि खारटपणा लिहा. चाचणी झाली की तोच नमुना वितळवून क्षारता मोजायची. मिठाच्या पाण्याचे कप्पे तापमानाबरोबर लहानमोठे होतात. वाकवण्याच्या ताकदीसाठी टिमको आणि ओब्रायन यांनी १९९४ मध्ये दिलेलं सूत्र वापरलं, तर हजारी ५ क्षारतेच्या बर्फाची ताकद उणे १५ अंशांना सुमारे ०.७८ मेगापास्कल येते, उणे ५ ला ०.४६ आणि उणे २ ला ०.२२. दाबण्याच्या ताकदीचे आकडे वेगळे, पण ओढ तीच. फ्रीजरचं दार उघडं ठेवून चौघं गप्पा मारत उभे राहिलात की तुम्ही बर्फ बदलता.

प्रश्न : समुद्री बर्फाचा कोअर, म्हणजे दंडगोल तुकडा, कापून, वाहून आणून प्रयोगशाळेत चिरडण्यापेक्षा जागेवरच ताकद का मोजत नाहीत?

उत्तर : मोजतात, आणि मला विचाराल तर तेच जास्त खरं. कोअर बाहेर काढला की त्यातलं खारं पाणी गळायला लागतं. तुम्ही जो चिरडता तो समुद्रातला बर्फ उरलेला नसतो.

जागेवरचा एक जुना आणि साधा उपाय म्हणजे तरंगत्या बर्फातच तीन बाजूंनी चेनसॉने आरपार कापून एक जीभ मोकळी करायची आणि तिचं टोक तुटेपर्यंत दाबायचं. बर्फ ६० सेंटिमीटर जाड, जीभ तेवढीच रुंद आणि साडेचार मीटर लांब असेल, तर ०.४ मेगापास्कल ताकदीला साधारण ३ किलोन्यूटन भार पुरतो. वरच्या विद्यार्थ्यांना छोटा दंडगोल चिरडायला याच्या दसपट लागतात! वाकवताना बर्फ ताणाने तुटतो आणि ताण सोसण्यात तो दुबळा. बर्फफोड्या जहाजाचा पुढचा भाग बर्फावर चढून त्याला खाली वाकवतो, ते याचसाठी. जिभेच्या मुळाशी दोन्ही कोपऱ्यांत गोल भोकं पाडायला विसरू नका, नाहीतर चीर काटकोनातूनच सुरू होते आणि आकडा कमी येतो.

दुसरा उपाय भोकातला जॅक. बर्फाला भोक पाडून जॅक आत सोडायचा आणि भिंतीला आडवं ढकलायचं. दर थोड्या खोलीवर एक आकडा मिळतो. तिथला बर्फ चारी बाजूंनी आवळलेला असल्यामुळे हा आकडा दंडगोलाच्या आकड्याहून बराच मोठा येतो. दोघांची तुलना करून भांडणारे लोक मी पाहिलेत.

जागेवर मोजताना मला सगळ्यात जास्त त्रास बर्फाने नाही, तंबूने दिला. पहिल्या मोहिमेत मी लोड सेल जपायचा म्हणून उबदार तंबूत ठेवायचे आणि चाचणीपुरता बाहेर आणायचे. तो गार होईपर्यंत त्याचं शून्य सरकत राहायचं. परत तंबूत नेला की कनेक्टरवर दव. तीन दिवसांचे आकडे मी स्वतःच्या हाताने खोडले. तेव्हापासून लोड सेल बाहेरच, पेटीत, आणि बॅटरी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात.

एवढा खटाटोप कशासाठी, असंही एकदा एकाने विचारलं होतं. १२ एप्रिल १९८६ रोजी कॅनडाच्या ब्यूफोर्ट समुद्रात मोलिकपाक या तेलशोधाच्या तळावर बहुवर्षीय, म्हणजे उन्हाळे काढलेल्या जुन्या बर्फाचा तुकडा येऊन धडकला. बर्फ चुरडत राहिला आणि तळ इतका थरथरला की त्याच्या पोटात भरलेली वाळू ठिकठिकाणी पातळ झाली. तळ टिकला. अशा बांधकामांवर बर्फाचा किती भार धरायचा हे ठरवताना शेवटी असल्याच मोजमापांकडे पाहावं लागतं.

प्रश्न : समुद्री बर्फ चाखला तर खारट लागतो का?

उत्तर : नवा लागतो. उन्हाळा काढलेला जुना बर्फ वरच्या थरात जवळजवळ गोडा होतो, कारण उन्हाळ्यात वितळलेलं पाणी झिरपताना मीठ खाली घेऊन जातं. मोहिमांवर लोक तो वितळवून पितात. मीठ गेलं की कप्पे कमी आणि बर्फ टणक. त्यामुळे वरचा तुकडा जिभेला अळणी लागला की मी मुकाट्याने मोठा लोड सेल काढते.