अर्थशास्त्र संशोधन केंद्राच्या कार्यक्रमांना शेती करणाऱ्यानं जावं का? आत घेतात का?

तुम्ही लिहिलंय की बीए होऊन वावर करता, आणि विद्यापीठाच्या अर्थशास्त्र संशोधन केंद्राचे मेसेज कोणी ना कोणी ग्रुपवर टाकत राहते, आज चर्चासत्र, उद्या व्याख्यान, परवा कार्यशाळा, तर आपल्यासारख्यानं तिथं जाऊन काही होते का आणि मुळात आत घेतात का.

घेतात भाऊ. सुरुवातीला मलाही वाटायचं की गळ्यात आयकार्ड लागत असंल, पण रजिस्टरवर नाव लिहा, ‘संस्था’ या रकान्यात ‘शेतकरी’ लिहा आणि जाऊन बसा, उलट टेबलावरची पोरगी एकदा वर पाहते आणि चहाचं कूपन हातात देते. फक्त निमंत्रणात नोंदणी फी आहे का ते पाहून घ्या. व्याख्यानाला बहुतेक फी नसते, चर्चासत्राला असते.

पण जावं का, हे कार्यक्रम कोणता आहे त्यावर आहे. मी हे आतून पाहिलंय म्हणून सांगतो. एमए झाल्यावर दीड वर्ष मी एका केंद्राच्या प्रकल्पावर फील्ड इन्व्हेस्टिगेटर होतो. नाव मोठं, काम असं की यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा आणि नेर तालुक्यातली चार गावं गाडीवर फिरायची, शेतकऱ्याच्या ओट्यावर बसायचं आणि फॉर्म भरायचा, बियाण्याच्या किती थैल्या, डवरणी किती वेळा, निंदणाला किती बाया, वेचणी किलोनं दिली की रोजानं. फॉर्म इतका लांब की अर्ध्यात माणूस म्हणे आता जेवून घे लेका, मंग विचार. पगार तीन-तीन महिने अडकायचा, अनुदान आलं नाही म्हणून, ते जाऊ द्या.

तर पहिलं, ‘राष्ट्रीय चर्चासत्र’ असं मोठ्या अक्षरात असलं की लगेच पिशवी उचलून निघू नका. ही चर्चासत्रं जानेवारी ते मार्चमध्ये धोधो येतात, याचं कारण अर्थशास्त्रीयच आहे, मंजूर झालेला पैसा ३१ मार्चच्या आत खर्ची दाखवावा लागतो. आणि दुसरं म्हणजे २०१० मध्ये यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) प्राध्यापकांच्या बढतीला एपीआय नावाचे कामगिरीचे गुण लावले, पेपर वाचला की गुण, तेव्हापासून पेपर वाचणारे वाढले आणि ऐकणारे कमी झाले. एका कॉलेजात (नाव नाही घेत) मी पाचशे रुपये भरून गेलो होतो, फाइल मिळाली, पेन मिळाला, जेवणात बालुशाही मिळाली, उद्घाटन साडेअकराचं एक वाजता झालं आणि मग एका खोलीत एकोणीस जणांनी पाच-पाच मिनिटं पेपर वाचले. प्रश्न विचारायला मी हात वर केला तर अध्यक्ष म्हणाले वेळेअभावी आपण चहाच्या वेळी बोलू. चहाच्या वेळी सगळे प्रमाणपत्राच्या लाइनीत.

मग जायचं कशाला? माझं म्हणणं ऐकाल तर ज्या कार्यक्रमात एखाद्या पाहणीचे निष्कर्ष मांडले जाणार आहेत तिथं जा. मेसेजमध्ये ते बारीक अक्षरात असते, ‘अहवाल सादरीकरण’ किंवा ‘निष्कर्षांवर चर्चा’, फोटोवाला पाहुणा नसतो, पंधरा-वीस माणसं असतात, आणि तुमचा शब्द तिथं ऐकला जातो कारण अहवाल अजून छापलेला नसतो. आपल्यासाठी हे का महत्त्वाचं ते कापसावरूनच सांगतो.

२०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता, लांब धाग्याचा ८,११०. सोयाबीन ५,३२८. सरकार म्हणते खर्चाच्या दीडपट दिला. आणि हिशोब बरोबर बसतो, कापसाचा खर्च त्यांनी क्विंटलमागं ५,१४० धरला, दीडपट करा, ७,७१० येते. सोयाबीनचा ३,५५२, दीडपट केले की ५,३२८. खोटं काही नाही त्यात. पण हा खर्च कोणता? याला ए-टू अधिक एफएल म्हणतात, म्हणजे खिशातून गेलेला पैसा, बी, खत, फवारा, मजुरी, डिझेल, आणि वर घरच्या माणसांच्या कामाची धरलेली मजुरी. यात तुमच्या स्वतःच्या वावराचं भाडं नाही, आणि बैलजोडी, विहीर, मोटार यात घातलेल्या घरच्या भांडवलाचं व्याज नाही. ते धरलं की सी-टू होते, आणि स्वामिनाथन आयोगाच्या नावानं जी मागणी आपण मोर्च्यात ओरडतो ती या सी-टूच्या दीडपटीची. एमएच्या दोन वर्षांत हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं, समजलं मात्र ओट्यावर.

आणि दुसरी गोम. हा खर्च देशभराचा सरासरी आहे, आणि तो एकरी नाही, क्विंटलमागं आहे. म्हणजे एकरी खर्च सारखाच आला तरी ज्याला उतारा जास्त त्याचा क्विंटलमागचा खर्च कमी. आपलं वावर कोरडवाहू, सप्टेंबरात पाण्यानं दगा दिला किंवा बोंडअळी आली की उतारा अर्ध्यावर, आणि खर्च तर आधीच होऊन बसलेला. कापसाखाली देशात सगळ्यात जास्त क्षेत्र महाराष्ट्राचं आणि उतारा मात्र देशाच्या सरासरीहून कमी, मग सरासरी खर्चाचा दीडपट भाव आपल्याला कसा पुरंल? वर २०२५ च्या ऑगस्टमध्ये परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरपर्यंत काढून टाकलं, नेमका आपला कापूस घरात यायच्या टायमाला.

हे आकडे आभाळातून पडत नाहीत. केंद्र सरकारची लागवड खर्चाची योजना १९७०-७१ पासून आहे, आपल्या राज्यात ते काम राहुरीचं कृषी विद्यापीठ पाहते, निवडलेल्या गावांच्या प्रत्येक समूहातून दहा शेतकरी घेतात, लहान-मोठ्या जमिनीचे पाच गट आणि प्रत्येकातले दोन, आणि एक माणूस तिथं राहून त्यांच्या रोजच्या नोंदी करतो. विद्यापीठांची केंद्रं याशिवाय आपापल्या छोट्या पाहण्या करतात, मी होतो तशी. म्हणजे दिल्लीत जो भाव ठरते त्याच्या बुडाशी कोणातरी दहा-दहा बाप्यांनी सांगितलेला हिशोब आहे. तो नीट लिहिला गेला का, हे पाहायचा चान्स त्या पंधरा-वीस माणसांच्या खोलीत मिळते, तिथं जा म्हणतो ते यासाठी.

अशीच दुसरी फुकटची चांगली जागा म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा. ती खुली असते, नोटीस निघते, बहुतेक ठिकाणी कोणालाही बसू देतात आणि प्रश्नही विचारू देतात. विषय बहुतेक आपलेच असतात, बचत गट, पीक विमा, संत्र्याची बाजारपेठ, सावकारी कर्ज. जमलं नाही तर शोधगंगा नावाची साइट आहे, देशभरच्या विद्यापीठांतले प्रबंध तिथं फुकट वाचता येतात, मराठीतलेही. काही प्रबंध वाचून झोप येते, पण शेवटी जोडलेली प्रश्नावली पाहा, संशोधक गावात गेला होता की नाही ते तिच्यावरून कळते.

स्मृती व्याख्यानाला वक्ता पाहून जा. हे प्रकरण कधीकधी फार मोठं निघते, पुण्याच्या गोखले संस्थेत काळे स्मृती व्याख्यान असते, तिथं २९ जानेवारी १९३९ ला बाबासाहेब संघराज्याच्या प्रश्नावर बोलले होते आणि ते भाषण आजही अभ्यासतात. त्याच संस्थेचे वि. म. दांडेकर पुढं सरकारच्या समितीचे अध्यक्ष झाले, १९८४ मध्ये अहवाल दिला, सिंचन, रस्ते, वीज यात कोणता जिल्हा किती मागं ते मोजलं. ‘अनुशेष’ हा शब्द आपल्याकडं पानटपरीवरचा माणूसही वापरते तो या अहवालापासून घरोघरी गेला. मोजल्यानं अनुशेष भरला का, तर ते तुम्ही-मी पाहूनच राहिलो, पण मोजलाच नसता तर भांडायला हातात कागदही नसता.

बजेटवरचं व्याख्यान १ फेब्रुवारीनंतरच्या आठवड्यात सगळीकडं असते, ते टीव्हीवरही तेच बोलतात, मी नाही जात. त्यापेक्षा मार्चमध्ये राज्याच्या बजेटच्या तोंडावर महाराष्ट्राची आर्थिक पाहणी येते, मराठीत असते, मोबाइलवर उतरवून घ्या. आपल्या जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचनही असते, त्यात तालुक्यानुसार आकडे मिळतात. हे चाळून कार्यक्रमाला गेलं तर प्रश्न विचारताना पाय लटपटत नाहीत.

आता एक प्रसंग सांगतो, मग थांबतो. माझ्या प्रकल्पाच्या निष्कर्षांचा कार्यक्रम ठेवला तेव्हा मी आमच्या गावच्या एका मामांना सोबत नेलं, त्यांचा फॉर्म मीच भरला होता, वय सत्तरच्या आसपास, पाच एकर कोरडं वावर. सकाळच्या एसटीनं नेर मार्गे अमरावती, मामा धुतलेलं धोतर घालून. आमच्या मॅडमनी पडद्यावर तक्ता दाखवला, घरच्या मजुरीचे दिवस इतके इतके. मामा बराच वेळ पाहत होते, मग बसल्या जागेवरूनच म्हणाले, ‘बाई, मी रातभर मचाणावर डुकरं हाकलतो, पऱ्हाटीत तूर हाये ना, दोन महिने घरी निजत नाई, ते यात कोठी हाये?’

खोलीत दोन-तीन जण हसले. मॅडम नाही हसल्या, त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी फॉर्म आठवला, रखवालीचा रकानाच नव्हता, मामांनी तेव्हा सांगितलंही होतं आणि मी ते ‘इतर’ मध्ये एका ओळीत लिहून पुढं गेलो होतो, कारण रात्र किती तासांची धरायची ते मलाच सुचलं नव्हतं. मॅडमनी खुर्ची ओढली, मामांच्या समोर येऊन बसल्या आणि विचारायला लागल्या, किती वाजता जाता, कोण सोबत असते, टॉर्चचे सेल किती लागतात, फटाके कोण आणते. अर्धा तास तेच चाललं, पुढचे दोन वक्ते घड्याळ पाहत बसले. छापील अहवालात रखवालीची वेगळी ओळ आली.

परत येताना मामा एसटीत म्हणाले, ‘जेवण बरं होतं, वांग्याच्या भाजीत तेल जास्त होतं.’ आणि बडनेऱ्याच्या आधीच झोपी गेले, रात्री पुन्हा मचाणावर जायचं होतं.